वाचनाच्या खोलीतले दिवे निवडताना या चुका टाळा

घरात पुस्तकांसाठी एखादी खोली, निदान एखादा कोपरा राखून ठेवणारी माणसे कपाटाच्या लाकडावर आणि खुर्चीच्या गादीवर महिनोन्‌महिने खल करतात. दिव्यांचा निर्णय मात्र फॉल्स सीलिंग करणाऱ्या कारागिरावर सोपवून मोकळी होतात. तो खोली उजळेल एवढे पाहतो. वाचणाऱ्याला उजेड हवा असतो तो पानावर, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी या एका गफलतीतून निघतात.

वाचताना पानावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असावा, असे मानले जाते. दिव्यातून निघणारा एकूण उजेड ल्यूमेनमध्ये मोजतात, आणि लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्यूमेन. १० बाय १२ फुटांची खोली सुमारे ११ चौरस मीटर भरते. छताजवळच्या २० वॅटच्या एलईडी ट्यूबमधून सुमारे २००० ल्यूमेन निघतात, आणि त्यातला थेंबही वाया गेला नाही असे धरले तरी सरासरी १८० लक्सच्या आसपासच येते. प्रत्यक्षात भिंती, पडदे आणि गडद रंगाची कपाटे त्यातला बराच उजेड गिळून टाकतात. शिवाय ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर असेल, तर आपल्याच डोक्याची सावली पुस्तकावर पडते. याउलट पाच-सहा वॅटचा दिवा चांगल्या शेडसह पानापासून दोन फुटांवर आणला, की काम भागते. अंतर दुप्पट झाले की उजेड जवळपास चौथाईवर येतो, म्हणून वॅट वाढवण्याआधी दिवा जवळ आणून पाहावा. घरात साठी उलटलेले कोणी वाचत असेल, तर त्यांच्यासाठी उजेड आणखी वाढवावा, कारण विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत त्या वयात डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत (रेटिनापर्यंत) सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आजोबांची ‘जरा दिवा लावा रे’ ही हाक उगाच नसते.

वाचनाचा दिवा खुर्चीच्या मागून, खांद्यावरून यावा. टेबलावर लिहिणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाने तो डावीकडे ठेवावा. बसल्यावर उघडा बल्ब डोळ्यांना दिसत असेल, तर शेडची खालची कड वर आहे असे समजावे. गुळगुळीत कागदावर चकाकी येत असेल, तर दिवा बदलण्याची गरज नसते, तो थोडा बाजूला सरकवला की पुरते. मात्र बाकी खोली काळोखात ठेवू नये, कारण उजळ पान आणि अंधारी भिंत यांच्यात सतत जुळवून घेताना डोळे शिणतात.

जास्त पांढरा उजेड म्हणजे जास्त उजेड, हा आपल्याकडचा जुना समज आहे. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनचा निळसर दिवा दुकानात झगझगीत वाटतो, पण रात्रीच्या वाचनाला ३००० ते ४००० केल्विन सुखाचे जाते. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, छापलेला असेल तर ८० किमान धरावा; चित्रांची पुस्तके पाहणाऱ्यांनी ९० च्या वरचा घ्यावा.

आता एक खास आपली चूक. छताचे दिवे पंख्याच्या पात्यांच्या वर बसवले, की पाती उजेड कापत राहतात आणि पानावर सावल्या नाचू लागतात. मग लोक बल्ब खराब म्हणून बदलत बसतात. हे दिवे पात्यांच्या घेराबाहेरच हवेत. पंखा बंद असतानाही दिवा लुकलुकत असेल, तर वीज बंद करून होल्डर घट्ट आहे का ते पाहावे, मग दुसरा बल्ब लावून पाहावा, आणि तरीही फरक पडला नाही तर उजेड कमी-जास्त करणाऱ्या जुन्या डिमरकडे बोट दाखवावे, कारण तो पुष्कळदा एलईडीशी जुळत नाही. बटण बंद केल्यावरही दिवा मंद उजळत राहिला, तर बहुधा बटणातला लाल इंडिकेटर कारण असतो. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावेच.

कपाटातली एलईडी पट्टी फळीच्या मागे दडवली तर पुस्तकांचे कणे काळे दिसतात. ती फळीच्या पुढच्या कडेखाली, आत तोंड करून लावावी आणि वाचन संपल्यावर विझवावी. जुन्या कागदाला प्रकाश सोसत नाही. संग्रहालये हस्तलिखितांवर ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. खिडकीतून येणारे ऊन तर त्याहून घातक, तेव्हा कपाट खिडकीसमोर नको.

आणि वायरिंगचे काम सुरू होण्याआधी खुर्ची नेमकी कुठे असेल ते जमिनीवर खडूने आखून तिथल्या भिंतीत प्लग पॉइंट मागून घ्यावा, नाहीतर वाचनाच्या दिव्याची वायर पायात अडकत राहते.