सेर्राच्या अनाथ मुली: जुन्या गोव्याच्या दप्तरात माग कसा काढावा

जुन्या गोव्यातल्या सेर्रा या आश्रमातल्या मुलीचे नाव घेऊन थेट तिथली नोंदवही मागितली, तर बहुधा हाती काही लागत नाही. सेर्राची मुलगी सापडते ती हुंड्याच्या कागदात, आणि तेही अनेकदा नवऱ्याच्या नावाखाली. म्हणून शोध उलट्या टोकाने सुरू करावा.

आधी संस्था नीट ओळखा. 'नोस्सा सेन्योरा दा सेर्रा' हे रेकोल्हिमेंतो, म्हणजे मुलींचा आसरा, आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांच्या काळात (१५९५ नंतर) उभे राहिले आणि त्याचा कारभार मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेकडे होता. इथल्या मुली व्रतस्थ जोगिणी नव्हत्या, लग्न ठरले की बाहेर पडत. सांता मोनिका हा जोगिणींचा मठ वेगळा, आणि सांता मारिया मादालेना हे 'पश्चात्तापी' स्त्रियांचे घर त्याहून वेगळे. तिन्ही मेनेझिश यांच्या नावाशी जोडलेली असल्याने सूचीत सरमिसळ होते. शिवाय सेर्रा म्हणजे जुन्या गोव्याच्या टेकडीवरचे मोंत कपेल नव्हे. सेर्राच्या मूळ देवळात गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकेर्कचे दफन झाले होते आणि १५६६ मध्ये अवशेष लिस्बनला नेले, ही खूण लक्षात ठेवावी.

दुसरा फसवा शब्द म्हणजे 'ऑर्फां', म्हणजे अनाथ मुलगी. पोर्तुगीज कायद्यात बाप वारलेले मूल अनाथ धरले जाई, आई हयात असली तरी. त्यामुळे कागदात 'अनाथ' मुलीची आई अर्ज करताना दिसली, तर ती नोंद चुकीची समजू नये. 'एशपोश्ता' असे लिहिले असेल तर मात्र ते टाकून दिलेले मूल. लिस्बनहून राजाच्या खर्चाने पाठवलेल्या मुली, 'ऑर्फांश देल रेइ', हा आणखी एक गट. त्या सोळाव्या शतकाच्या मध्यापासून येत होत्या, म्हणजे सेर्राचा आसरा उभा राहण्याच्या कितीतरी आधी. आणि १५५९ च्या हुकुमाने हिंदू अनाथ मुलांना ताब्यात घेण्याचे प्रकरण पूर्णपणे निराळे, ते यात मिसळू नका.

आता बाडे. पणजीच्या पुराभिलेख दप्तरात 'मोंसॉइंश दो रैनो' ही मालिका मागवा. त्यात राजा आणि व्हाइसरॉय यांचा पत्रव्यवहार आहे. पण सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली बरीच बाडे, एकूण ६२, लिस्बनला तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. दोन्हीकडे नाव तेच, म्हणून टिपणात दप्तर, बाड क्रमांक आणि पान हे तिन्ही लिहा. नुसते 'मोंसॉइंश, बाड १२' याला काही अर्थ नाही.

बाडावरचे वर्ष जपून वाचा. जहाजे लिस्बनहून मार्च-एप्रिलात निघत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला पोचत. परतीची हिवाळ्यात निघत. गोव्यातून गेलेल्या अर्जाला उत्तर यायला म्हणूनच दीड वर्षाहून जास्त लागे. १६२० च्या बाडातले लग्न १६१८ चे असू शकते. पुढेमागे किमान ३ वर्षे चाळा.

हुंडा रोख असेल तर तो शेराफीत मिळतो: १ शेराफी = ५ तांगा = ३०० रैश. रोख नसेल तर राजा सरकारी पद देई, किल्ल्यावरची कारकुनी किंवा वखारीची नोकरी. मुलीशी लग्न करणारा ते पद भूषवी. इथेच माग तुटतो, कारण एका पदासाठी अनेकांची रांग असे आणि प्रत्यक्ष नेमणूक कित्येक वर्षांनी होई, तोवर मुलीचे नाव गळून फक्त जावई उरे. म्हणून नेमणुकीच्या कागदात 'एं दोते', म्हणजे हुंड्यादाखल, हे शब्द शोधा.

वाचताना आद्याक्षरी संक्षेप त्रास देतात: 'मारिया' बहुधा दोन अक्षरांत उरकते, 'फ्रांसिश्का' चारपाच अक्षरांत. काही मुलींना आडनावाऐवजी 'द जेजूश' किंवा 'दा सेर्रा' असते, तेव्हा दोन मारिया द जेजूश एकच मानण्यापूर्वी बापाचे नाव जुळवा. शाईने कागद जाळलेल्या पानांवर हात फिरवू नका. अक्षरेच गळून पडतात. टिपणे पेन्सिलीनेच.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली नोंद हवी असेल, तर जुन्या गोव्याऐवजी पणजीजवळच्या चिंबलच्या नावाखाली शोधा. तोवर हे घर तिकडे हलले होते.