मित्रांसोबत परदेशी सामना पाहायला जाताना : आखणी कशी करावी

सुट्टीची सहल दोन दिवस मागेपुढे झाली तरी फारसे बिघडत नाही. सामन्याची तारीख, वेळ आणि मैदान मात्र दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते, त्यात शेवटच्या आठवड्यातही बदल होऊ शकतो, आणि गटातला एक मित्र जरी प्रवेशद्वाराबाहेर अडकला तरी आत बसलेल्यांचे लक्ष खेळात राहत नाही. म्हणून अशा सहलीची आखणी नेहमीच्या क्रमाने, म्हणजे आधी विमान, मग हॉटेल आणि मग बाकीचे, अशी करू नये. सर्वांत आधी गट आणि पैशांचे नियम ठरवावेत, त्यानंतर सामन्याची तिकिटे मिळवावीत, मग व्हिसा काढावा, आणि ज्याचे पैसे परत मिळणार नाहीत असा प्रत्येक खर्च शक्य तितका शेवटी करावा.

गट आणि पैसा

चार ते सहा जणांचा गट सर्वांत सोयीचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. एका टॅक्सीत चौघे मावतात, एका घरात सहा जण राहू शकतात, आणि अनेक मोठ्या स्पर्धांमध्ये एका अर्जावर मिळणाऱ्या तिकिटांची संख्याही मर्यादित असते. २०२६च्या फुटबॉल विश्वचषकासाठी एका अर्जदाराला एका सामन्याची जास्तीत जास्त चार तिकिटे मागता येतील, असा नियम होता. आठ-दहा जणांनी निघायचे असेल, तर सुरुवातीलाच दोन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक तुकडीने आपली तिकिटे, निवास आणि हिशेब वेगळा ठेवावा.

गटात खेळाचे वेड सर्वांना सारखेच असते, असे गृहीत धरू नये. कोणाला एकच सामना पाहायचा असतो, कोणाला तीन, तर कोणी केवळ सोबतीसाठी आलेला असतो. प्रत्येकाने आपली सामन्यांची यादी आणि खर्चाची वरची मर्यादा पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने सांगावी. ज्याला सामना नको आहे त्याने त्या दिवशी शहर पाहावे. त्याच्यावर महागडे तिकीट लादणे हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि खेळाची खरी ओढ असलेल्या एखाद्याची जागाही त्यामुळे अडते.

पैशांबद्दल तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात, मग तो लेख व्हॉट्सअ‍ॅप गटातला एक संदेश असला तरी चालेल. पहिली गोष्ट अशी की, कोणतेही आरक्षण करण्यापूर्वी प्रत्येकाने आपला वाटा जमा करावा. एकाने सर्वांचे पैसे भरायचे आणि नंतर मागत बसायचे, ही पद्धत मैत्रीला घातक असते. दुसरी गोष्ट माघारीची. कोणी ऐनवेळी येऊ शकला नाही, तर परत न मिळणारा वाटा त्याचा त्याने सोसावा, मात्र त्याच्या जागी दुसरा मित्र मिळाल्यास त्याचे पैसे त्याला द्यावेत. इथे हे लक्षात ठेवावे की बहुतेक विमान कंपन्या तिकीट एका प्रवाशाकडून दुसऱ्याच्या नावावर करू देत नाहीत, त्यामुळे बदली मित्र निवासाचा वाटा उचलू शकेल, विमानाचा नाही. तिसरी गोष्ट व्हिसा नाकारला जाण्याची. तो नाकारला गेला तर उरलेले जाणार की सर्वांचीच सहल रद्द होणार, याचे उत्तर अर्ज करण्यापूर्वी ठरलेले असावे, कारण नंतर घेतलेला निर्णय कोणाला ना कोणाला दुखावतो. प्रवासातील रोजचा हिशेब स्प्लिटवाइजसारख्या अ‍ॅपवर त्याच रात्री नोंदवावा. परदेशात कार्डाने पैसे देताना यंत्राने आपले चलन की तिथले चलन असे विचारले, तर तिथलेच चलन निवडावे. आपल्या चलनाच्या पर्यायात विनिमय दर बहुधा तोट्याचा असतो.

सामन्याचे तिकीट

तिकीट केवळ स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा आयोजकांनी नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावे, आणि पुनर्विक्रीचे तिकीट घ्यायचे असल्यास तेही आयोजकांच्याच पुनर्विक्री व्यवस्थेतून घ्यावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये फुटबॉल सामन्यांची तिकिटे परवानगीशिवाय विकणे १९९४च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकची तिकिटे मोबाइलवरील अधिकृत अ‍ॅपमधूनच दाखवायची होती. अशा व्यवस्थेत कोणी छापील कागद किंवा पीडीएफ देऊ करत असेल, तर तो व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

प्रत्येक खेळाचा स्वभाव वेगळा असतो आणि तिकिटाची निवड त्यानुसार करावी लागते. बाद फेरीच्या सामन्याचे तिकीट घेताना आपण खरे तर तारीख आणि मैदान विकत घेत असतो. त्या दिवशी कोणते संघ उतरतील हे स्पर्धा पुढे सरकल्यावरच कळते. आवडता संघ नसला तरी हा सामना आनंदाने पाहू का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा आणि उत्तर नकारार्थी असल्यास साखळी सामन्याचे तिकीट घ्यावे. कसोटी क्रिकेटमध्ये पाचव्या दिवसाच्या तिकिटावर सहलीचा भार ठेवू नये, कारण अनेक सामने त्याआधीच संपतात. पहिले तीन दिवस सर्वांत भरवशाचे. टेनिसमध्ये कोणता खेळाडू कोणत्या दिवशी, कोणत्या कोर्टवर खेळणार हे आदल्या दिवशी जाहीर होते. एका विशिष्ट खेळाडूसाठी जायचे असेल, तर एका मोठ्या कोर्टच्या तिकिटाऐवजी सुरुवातीच्या फेऱ्यांतील दोन-तीन दिवस हाताशी ठेवणे अधिक शहाणपणाचे. विम्बल्डनमध्ये तर रांगेत उभे राहून त्याच दिवसाचे तिकीट मिळवण्याची जुनी परंपरा आजही चालू आहे, पण रांगेतल्या प्रत्येकाला एकच तिकीट मिळते आणि ते दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे दोघांनी पहाटे रांग धरायची आणि बाकीच्यांनी सावकाश उठून यायचे, ही युक्ती तिथे चालत नाही.

फुटबॉलमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते. अनेक मैदानांत यजमान आणि पाहुण्या संघांच्या पाठीराख्यांच्या जागा वेगळ्या असतात, आणि यजमानांच्या भागात पाहुण्या संघाची जर्सी घालून बसल्यास बाहेर काढले जाऊ शकते. गटात दोन्ही संघांचे चाहते असतील तर हे तिकीट घेतानाच पाहावे.

तिकिटे डिजिटल असतील, तर ती एकाच मित्राच्या फोनमध्ये राहू देऊ नयेत. सुविधा उपलब्ध होताच प्रत्येकाच्या नावावर आणि प्रत्येकाच्या फोनवर त्याचे तिकीट पाठवून द्यावे. तसे न केल्यास एकाचा फोन बंद पडला किंवा तो एकटा उशिरा पोहोचला, तर सर्वच जण बाहेर राहतात.

व्हिसा आणि कागदपत्रे

सामन्याचे तिकीट म्हणजे देशात प्रवेशाचा परवाना नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. काही यजमान देश स्पर्धेपुरती खास सवलत देतात. रशियाने २०१८मध्ये फॅन आयडी आणि कतारने २०२२मध्ये हय्या कार्ड या नावाने ती दिली होती. पण ती सवलत त्या स्पर्धेपुरतीच असते आणि पुढच्या यजमानांवर तिचे कोणतेही बंधन नसते. एकापेक्षा अधिक देशांत होणाऱ्या स्पर्धांमध्ये हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. २०२६चा फुटबॉल विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांना मिळून दिला गेला आणि तिन्ही देशांचे प्रवेशाचे नियम वेगवेगळे आहेत. २०३०च्या विश्वचषकाचे मुख्य यजमान मोरोक्को, पोर्तुगाल आणि स्पेन आहेत, आणि त्यांपैकी मोरोक्को शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडून पुन्हा आत यायचे असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा असलेला व्हिसा लागतो. एका प्रवेशाचा व्हिसा पहिल्यांदा बाहेर पडताच संपतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त असेल त्या देशाकडे, आणि मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमाही लागतो. गटातील प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्रपणे तपासला जातो, म्हणून सर्वांच्या अर्जांतील तारखा, शहरे आणि निवासाचा पत्ता तंतोतंत जुळायला हवा. हे काम गटातल्या सर्वांत काटेकोर मित्राकडे सोपवावे. मित्रांचे पासपोर्ट वेगवेगळ्या देशांचे असतील, तर एकाला लागू असलेला नियम दुसऱ्याला लागू होईलच असे नाही. अनेक देश पासपोर्टची मुदत प्रवासानंतर आणखी सहा महिने शिल्लक असावी अशी अट घालतात, तेव्हा ती तारीख पहिल्याच बैठकीत सर्वांनी तपासावी.

प्रवास विम्याची कागदपत्रे कंटाळवाणी असतात, तरीही त्यातील अपवादांचे पान अवश्य वाचावे. आधीपासूनचे आजार, साहसी खेळ आणि मद्याच्या अमलाखाली झालेली दुखापत यांवरची भरपाई अनेक विम्यांत नाकारली जाते. सामनाच रद्द झाला तर विमान आणि हॉटेलचे पैसे मिळतील का, हेही विचारून घ्यावे. साध्या विम्यात बहुधा ते मिळत नाहीत.

सामन्याभोवतीची सहल

वेळापत्रक बदलते हे धरूनच चालावे. २०२३च्या क्रिकेट विश्वचषकातील भारत आणि पाकिस्तान यांचा अहमदाबादचा सामना १५ ऑक्टोबरऐवजी १४ ऑक्टोबरला खेळवण्यात आला, आणि तो बदल ऑगस्टमध्ये, म्हणजे अनेकांची आरक्षणे झाल्यानंतर जाहीर झाला. २०१९च्या विश्वचषकात मँचेस्टरचा उपान्त्य सामना ९ जुलैला पावसाने थांबला आणि राखीव दिवशी, १० जुलैला पूर्ण झाला; पहिल्या रात्रीच परतीचे विमान असलेल्यांना त्याचा शेवट पाहता आला नाही. त्याच वर्षी जपानमधील रग्बी विश्वचषकात हगिबिस वादळामुळे तीन सामने रद्दच करावे लागले. म्हणून सामन्याच्या आधी निदान एक पूर्ण दिवस आणि नंतर एक दिवस, राखीव दिवस असेल तर दोन, त्याच शहरात ठेवावेत. निवास रद्द करता येईल असाच घ्यावा, थोडा महाग पडला तरी. एकमेकांना जोडणारी विमाने एकाच तिकिटावर असावीत, कारण स्वतंत्र तिकिटे घेतली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढच्या विमानाची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही.

सामन्याच्या दिवसांत यजमान शहरातील निवास महागतो. रेल्वेने तासाभराच्या अंतरावरील दुसऱ्या शहरात राहणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे आणि त्यामुळे सुट्टीत एक शांत जागाही मिळते. मात्र परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे पाहिल्याशिवाय तो निर्णय घेऊ नये. बाद फेरीचा फुटबॉल सामना रात्री ९ वाजता सुरू झाला आणि अतिरिक्त वेळ व पेनल्टीपर्यंत गेला, तर तो संपायला मध्यरात्र होते, आणि मैदानातून स्थानकापर्यंत पोहोचायला आणखी तास जाऊ शकतो. काही स्पर्धांत तिकिटासोबत सार्वजनिक वाहतूक मोफत मिळते. २०२४च्या जर्मनीतील युरो फुटबॉल स्पर्धेत तिकीटधारकांना सामन्याच्या सुमारास ३६ तासांचा स्थानिक प्रवास मोफत होता. अशी सवलत असेल तर भाड्याच्या गाडीच्या फंदात पडूच नये.

सुट्टीतले निवांत दिवस सामन्यानंतर ठेवावेत, आधी नाही. सामन्यापूर्वी मन तिकडेच लागलेले असते आणि वेळापत्रक बदलले तर आधी ठरवलेली भटकंती कोलमडते. त्या दिवसांतही सर्वांनी सतत बरोबर फिरलेच पाहिजे असा आग्रह नसावा. एखादी दुपार प्रत्येकाला मोकळी दिली, तर रात्रीच्या जेवणाला सगळे ताजेतवाने भेटतात.

सामन्याचा दिवस

आदल्या रात्री मैदानाचे नियम वाचावेत. अमेरिकेतील अनेक मैदानांत आरपार दिसणारी पिशवीच आत नेता येते आणि तिचा आकार १२ बाय ६ बाय १२ इंचांपेक्षा मोठा चालत नाही. नियम ऐनवेळी बदलूही शकतात. कतारमध्ये मैदानांच्या परिसरात मद्यविक्री होणार नाही, हे विश्वचषक सुरू होण्याच्या दोन दिवस आधी जाहीर झाले होते. फोन पूर्ण भारित असावा, तिकीट इंटरनेटशिवाय उघडते का ते तपासावे आणि पासपोर्टची एक प्रत वेगळ्या खिशात ठेवावी.

मोठ्या मैदानात ऐंशी-नव्वद हजार माणसे एकाच वेळी फोन वापरू लागली की संदेश पोहोचेनासे होतात. त्यामुळे आत शिरण्यापूर्वीच भेटण्याची एक जागा आणि वेळ ठरवावी. ती जागा प्रवेशद्वारापाशी नसावी, कारण सामना संपल्यावर पोलीस तिथे कोणाला थांबू देत नाहीत. मैदानापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावरचा, नकाशावर खूण करून ठेवता येईल असा एखादा चौक किंवा पुतळा निवडावा. ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहून सर्वांनी मुक्कामी निघावे, आणि मागे राहिलेल्याने थेट तिकडेच यावे. त्यासाठी मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेली चिठ्ठी प्रत्येकाच्या खिशात असावी.