विमानप्रवासाचं अंतर आणि खरे तास कसे काढावेत

आधी अंतर. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नका, लांबच्या पल्ल्यात ती हमखास फसवते. टोकियो–लॉस एंजेलिस विमान नकाशावर उगाच उत्तरेला वळसा घेतंय असं वाटतं, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तीच जवळची वाट निघते. ग्रेट सर्कल अंतर, म्हणजे गोलावरचं हेच सर्वांत जवळचं अंतर, देणाऱ्या साइटवर विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाका. शहराचं नाव पुरत नाही; टोकियोलाच नारिता आणि हानेदा असे दोन विमानतळ आहेत. नारिता ते लॉस एंजेलिस साधारण ८,७५० किमी. आकडा नॉटिकल मैलांत आला तर १.८५२ ने गुणा.

त्याला विमानाच्या वेगाने, ताशी ८८० किमीने भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. साडेदहा तास. अंदाजाला पुरे.

गोची इथून पुढे. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. जुलैमध्ये टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी ११ ला पोहोचता, म्हणजे निघण्याच्या सहा तास आधी! यावर ठरलेला सल्ला: ‘दोन शहरांतल्या वेळेचा फरक मिळवा.’ मिळवायचा की वजा करायचा, हे मात्र कोणी सांगत नाही आणि मध्ये वाररेषा आली की सगळाच घोळ. तो फरक विसरा. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभरासाठी एकच असलेल्या प्रमाणवेळेत आणा आणि मग वजाबाकी करा. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून १७ वजा ९, सकाळचे ८. लॉस एंजेलिस ७ तास मागे, म्हणून ११ अधिक ७, संध्याकाळचे ६. प्रवास १० तासांचा.

तो ७ चा आकडा बारमाही नाही, यावर माझा सगळ्यात जास्त कटाक्ष. अमेरिकेत डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणं, मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतं. एरवी ८ धरायचे. युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतो, सिडनीचं चक्र उलटं, जपान काहीच बदलत नाही. म्हणून आजचा आकडा घेऊ नका, प्रवासाच्या तारखेचा घ्या.

परतीचं गणित वेगळं करा. लॉस एंजेलिसहून दुपारी १ ला निघालेलं विमान टोकियोला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला उतरतं: यूटीसीत २० ते ३१.५ (दुसऱ्या दिवशीचे ७.५ अधिक २४), साडेअकरा तास. अंतर तेवढंच, पण पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जेट स्ट्रीम जाताना पाठीशी असतो, येताना तोंडावर.

मध्ये थांबा असेल तर पहिलं उड्डाण आणि शेवटचं उतरणं, एवढ्याच दोन वेळा घ्या.

भागाकाराचं उत्तर आणि वेळापत्रक यांत दोन तासांहून जास्त तफावत दिसली तर मार्ग तपासा. हेलसिंकी–टोकियो ७,८०० किमीच्या आसपास, हिशेबाने साडेनऊ तास. पण २०२२ पासून फिनलंडच्या विमानांना रशियाचं आकाश बंद आहे, त्यामुळे वळसा घालून जवळपास तेरा तास लागतात.