मामा तलावाच्या पाण्यावर गावाची सहमती कशी घडवावी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजेच पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेल्या ‘मामा’ तलावांवर, एकाच पाण्याचे अनेक वाटेकरी असतात. धानकऱ्याला ऑक्टोबरात लोंबी भरताना शेवटचे पाणी हवे असते, ढीवर बांधवांच्या संस्थेला उन्हाळ्यापर्यंत मासळी जगेल इतका साठा हवा असतो, गुराख्याला मे महिन्यातही जनावरे पाजायची असतात, आणि गाळपेर (पाणी ओसरलेल्या तळात पेरणी) करणाऱ्याला पाणी लवकर ओसरलेले हवे असते. यातली कोणतीही मागणी अवाजवी नाही. म्हणूनच समेट घडवणाऱ्याने आधी कोणाचीही बाजू घेऊ नये.

सर्वांची एकत्र सभा लगेच बोलावू नये, कारण तिथे मोठ्या शेतकऱ्यांचाच आवाज चढतो. प्रत्येक गटाकडे त्याच्या मोहल्ल्यात जाऊन बसावे, बायकांशी वेगळे बोलावे आणि “कोणत्या महिन्यात पाणी कुठपर्यंत हवे?” एवढेच विचारावे. तलाव कोणाचा, हा वाद यातून बाजूला पडतो.

दरम्यान तहसील कार्यालयातून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढाव्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ व १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे, आणि गावाचे वहिवाटीचे हक्क त्यांत नोंदलेले असतात. ही कागदपत्रे चावडीवर संपूर्ण वाचून दाखवावीत. सोयीची तेवढीच ओळ वाचली, तर भांडण आणखी पेटते.

त्यानंतर सर्व गटांना तलावाच्या पाळीवर (बांधावर) न्यावे. पाणी सोडण्याच्या दाराशी उभे राहून, मासळीसाठी व जनावरांसाठी राखायच्या पाण्याची पातळी दगडावर रंगाने आखावी. त्या खुणेखाली पाणी उतरवायचे झाल्यास सर्व गटांची संमती लागेल, असे ठरवावे. कमी पावसाच्या वर्षी कोणी किती कपात सोसायची, हेही त्याच दिवशी ठरले पाहिजे, कारण टंचाईत कोणीच मोकळ्या मनाने बोलत नाही.

निर्णय हात वर करून घेऊ नये. पंधरा घरांचा ढीवर मोहल्ला शंभर घरांच्या गावात दर वेळी हरणार, आणि हरलेला गट ठराव पाळणार नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीची वाट धरली आणि निर्णयाआधी अभ्यासगटात चर्चा करण्याची पद्धत रुजवली. वेळ लागतो, पण माझ्या मते टिकणारा मार्ग तोच आहे.

सहमती झाली की ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात पातळी व तारखांसह नोंदवावी. दाराला दोन कुलपे लावून एकाची किल्ली धानकऱ्यांकडे आणि दुसऱ्याची मत्स्यसंस्थेकडे ठेवावी.