कंटेनर चालू, पण पान उघडेना

मुलुंडमधील आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवणारे पायथॉनच्या फ्लास्क या वेब फ्रेमवर्कवर लिहिलेले छोटे अ‍ॅप्लिकेशन मी डॉकरमध्ये (प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या गोष्टींसह ‘कंटेनर’ या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) बांधले, लॅपटॉपचा ८०८० हा पोर्ट (नेटवर्कवरील क्रमांकाचे दार) कंटेनरच्या ५००० ला जोडला आणि ब्राउझर उघडला, तर ‘कनेक्शन रीसेट’ एवढेच उत्तर आले. लॉगमध्ये मात्र सर्व्हर व्यवस्थित चालू दिसत होता. तासभर पोर्टचे आकडे उलटसुलट करून पाहिल्यावर (त्यात काहीच चुकलेले नव्हते) लॉगमधील पत्त्याकडे लक्ष गेले: १२७.०.०.१, म्हणजे ‘हेच यंत्र’. फ्लास्कचा सर्व्हर मुळात याच पत्त्यावर ऐकतो. परंतु कंटेनरचे नेटवर्क स्वतंत्र असल्यामुळे तेथील १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनरच, माझा लॅपटॉप नव्हे, आणि बाहेरून आलेली विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. डॉकरफाइलमधील आज्ञेत होस्ट ०.०.०.० (म्हणजे सर्व पत्त्यांवर ऐक) असा देऊन इमेज (कंटेनर ज्यावरून चालतो तो साचा) पुन्हा बांधल्यावर पान लगेच उघडले.

ती इमेज टार फाइल करून पेनड्राइव्हवरून खजिनदार काकांकडे नेली, तर त्यांच्या संगणकावर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. माझा लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा, त्यांचा संगणक इंटेलचा; एकासाठी बांधलेली इमेज दुसऱ्यावर चालेना. प्लॅटफॉर्म ‘लिनक्स/एएमडी६४’ (नावात एएमडी असले तरी इंटेललाही हाच) असा स्पष्ट सांगून इमेज तिसऱ्यांदा बांधली आणि काकांनी पहिली पावती स्वतःच काढली.