कोकणात डॉल्फिन बघायला बोटीने जाताना

कोकणच्या किनाऱ्यावरून सकाळी सुटणाऱ्या पर्यटक बोटी डॉल्फिन दाखवतात, देवमासा नाही. अरबी समुद्रात देवमासे आहेत. ब्राइड्स व्हेल आहे, निळा देवमासाही आहे. पण ते भेटणं नशिबाचा भाग, आणि किनाऱ्याजवळ फिरणारी फायबरची होडी त्यासाठी नसतेच. ठरवून देवमासेच बघायचे असतील तर डिसेंबर ते एप्रिलमध्ये श्रीलंकेतलं मिरिसा गाठावं. कोकणात यायचं ते हंपबॅक डॉल्फिनसाठी. हा प्राणी उथळ पाण्यातला, खाडीच्या मुखांजवळ रमणारा, त्यामुळे किनाऱ्यापासून फार लांब न जाताही दिसतो. म्हणूनच तारकर्ली-देवबाग, निवती, गुहागर, दापोलीजवळचं मुरूड-कर्दे या ठिकाणी या फेऱ्या चालतात.

फेरी चांगली होते की वाया जाते हे दोनच गोष्टींवर ठरतं: कुठल्या वेळी निघालात आणि तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, इंजिन किती हळू ठेवलं.

वेळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम. ऑक्टोबरात पाणी अजून गढूळ असतं, मार्चनंतर वारा लवकर चढतो आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत पर्यटक बोटी बंदच असतात. दिवसातली वेळ सकाळची, पहिली बोट. रात्रभर जमिनीकडून वाहणारा मतलई वारा पहाटे मंद असतो आणि पाणी तेलासारखं गुळगुळीत दिसतं. अकरा-बाराच्या सुमारास समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू झाला की लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस येतो. मग हजार फेसांतून एक काळी पाठ शोधायची, म्हणजे डोळे फुटायची वेळ. डॉल्फिन तेव्हाही तिथेच असतात, फक्त आपल्याला दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तेव्हा पावणेसातला जेटीवर हजर असावं. किल्ला, स्नॉर्कलिंग, त्सुनामी आयलंड हे सगळं नंतर. एजंटने 'आधी स्नॉर्कलिंग, मग डॉल्फिन' असा क्रम लावला असेल तर तो उलटा करून घ्या.

आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा. ताशी १५ किलोमीटरच्या आत वारा आणि एक मीटरच्या आत लाट असेल तर निर्धास्त जा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. तसा इशारा असेल तर बोट सुटत असली तरी जाऊ नका.

भरती-ओहोटीचं गणित कोकणातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी, सकाळी नऊ-सव्वानऊला ओहोटी. हे का महत्त्वाचं? देवबागला बोट कर्ली खाडीतून सुटते आणि संगमातून बाहेर पडून भोगवे-निवतीच्या अंगाला जाते. मुखाशी वाळूचा उथळ पट्टा आहे. ओहोटीला खाडीचं पाणी बाहेर ओढत असतं आणि समुद्राची लाट आत येत असते. दोन्ही समोरासमोर भिडले की लाट उभी राहते आणि फुटते. बोट उलटण्याचा खरा धोका तिथे आहे, खुल्या समुद्रात नाही. म्हणून चतुर्थी-पंचमीला जाणार असाल तर "परत येताना मुखावर पाणी किती असेल?" हे तांडेलाला निघण्याआधी विचारा. जाणता तांडेल लगेच उत्तर देतो आणि त्याप्रमाणे फेरी लवकर आटोपतो.

आता बोट. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा परवाना आणि बोटीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक व प्रवासीसंख्या बघा. दहा लिहिलं असेल तर दहाच. 'लहान मूल मोजत नाही' हे ऐकून घेऊ नका. लाईफ जॅकेट मात्र प्रत्येकाने स्वतः तपासावं, कारण गडबड होते ती इथेच. खाऱ्या पाण्याने प्लास्टिकचे बकल कडक होऊन तडकतात, म्हणून दोन-तीनदा लावून-काढून बघा. फोम बोटाने दाबा. दाबलेला खड्डा तसाच राहिला किंवा जॅकेट पाणी प्यायल्यासारखं जड लागलं तर दुसरं मागा. घातल्यावर सोबत्याला दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यातही तसंच सरकेल आणि तोंड बाहेर राहणार नाही, तेव्हा पट्टे आवळा. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घट्ट बांधून भागत नाही. त्यांना त्यांच्या वजनाचं आणि पायांमधून पट्टा असलेलंच हवं. ते नसेल तर त्या बोटीने मुलाला नेऊ नये.

मुरूड-कर्द्यासारख्या ठिकाणी जेटी नसते, वाळूवरूनच चढायचं. होडीचं तोंड समुद्राकडे असतं. होडी आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका, कारण लाट होडीला किनाऱ्याकडे ढकलते आणि ते वजन थेट पायावर किंवा छातीवर येतं. बाजूला थांबा, लाट जाऊ द्या, खलाशाने हात दिला की एका दमात चढा. हातात फोन-चप्पल काही नको.

बसताना कंबर किंवा मान दुखणाऱ्यांनी, वयस्करांनी नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, बसू नये. बोट लाटेवरून आपटते तेव्हा सगळा दणका पुढे बसलेल्याच्या मणक्यात जातो. गरोदर बाईने ही फेरी टाळलेलीच बरी. ज्यांना बोट लागते त्यांनी मध्यापासून थोडं मागे, इंजिनाचा धूर येणार नाही अशा बाजूला बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाईलच्या पडद्यात बघत राहिलं की हमखास मळमळतं. रिकाम्या पोटी जाऊ नका, तर्रीदार मिसळ खाऊनही नको. एखादी आंबोळी, केळं, उकड्या तांदळाची पेज बरी. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

बोट निघण्याआधी तांडेलाशी एकदा बोलून घ्या, यात सगळी फेरी आहे. "डॉल्फिन नाही दिसले तर पैसे परत का?" हा प्रश्न विचारू नका. तो विचारला की तांडेलावर दडपण येतं आणि तो पाण्यात शेपटी दिसताच इंजिन वाढवून अंगावर जातो. त्याऐवजी म्हणा, "काका, घाई नको, लांबूनच दाखवा, दिसले नाहीत तरी चालेल." एवढ्याने फरक पडतो. बरेच तांडेल मुळात मासेमारी करणारेच. प्राण्याची चाल त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगली कळते.

शोधायचं कसं? पाण्यात सूर मारणारे सुरय आणि घोटाळणारे कुरव आधी बघा. पक्षी तिथे मासळी, मासळी तिथे डॉल्फिन. दिशा सांगताना बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरा आणि "दोन वाजता, लांब" असं म्हणा. नुसतं "तो बघा, तो बघा" म्हटलं की सगळे एका कडेला धावतात आणि होडी कलते. हंपबॅक डॉल्फिन फार उड्या मारत नाही. आधी लांब चोच तिरकी वर येते, मग कपाळ, 'फुस्स' असा श्वास आणि मागोमाग पाठीवरचा लांबट उंचवटा. त्या उंचवट्यावर छोटा त्रिकोणी पर बसवल्यासारखा दिसतो, आणि तीच त्याची ओळख. शेवटी पाठ कमान होऊन खाली जाते. दोन-तीनदा असा श्वास घेतला की तो मिनिट-दोन मिनिटं किंवा जास्तही खाली राहतो. जिथे बुडला तिथे बघत बसू नका, तो ज्या दिशेने चालला होता तिकडे थोडं पुढे नजर ठेवा. पाठीवर पर अजिबात नसलेला, गुळगुळीत करडा छोटा प्राणी क्षणभर वर येऊन गेला तर तो फिनलेस पॉरपॉइज. तो बोटीपासून लांबच राहतो, पाठलाग करून कधीच नीट दिसत नाही.

दिसल्यावर बोट किमान ५० मीटरवर ठेवायची, समोरून किंवा थेट मागून नव्हे, बाजूने आणि त्याच्याच दिशेने समांतर. वेग चालीइतका, जवळ आला तर इंजिन न्यूट्रलला. एका कळपाजवळ दोन-तीन बोटी आधीच असतील तर थांबा किंवा दुसरीकडे जा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासा शोधतो आणि आवाजानेच आपल्या पिल्लाशी जोडलेला असतो. चार बाजूंनी आउटबोर्ड इंजिनं गुरगुरली की हे दोन्ही आवाज त्यात हरवतात. कळप एकदम दिशा बदलू लागला, बुडी लांबली, शेपटी पाण्यावर आपटली किंवा पिल्लाला मध्ये घेऊन सगळे जवळ आले, तर तो खेळ नव्हे, तो त्रास आहे. तेव्हा मागे फिरायला सांगा. वेफर, चपाती काही टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यात हाकणं, आमिष दाखवणं हेही शिकारीतच मोडतं. ३१ डिसेंबरच्या आठवड्यात एकेका कळपामागे बोटींची रांग लागते. शक्य असेल तर तो आठवडा सोडून साधा मंगळवार-बुधवार धरा.

फोटोसाठी फोन पारदर्शक पाऊचमध्ये, दोरी मनगटाला. झूम करून एकेक फोटो काढण्यापेक्षा व्हिडिओ घ्या, त्यातून चित्र निवडता येतं. कॅमेरा असेल तर शटर १/१००० किंवा त्याहून जलद, आणि उतरल्यावर लेन्स व बॉडी ओलसर फडक्याने पुसून घ्या. मीठ वाळलं की रिंगा जाम होतात.

समुद्रात अडचण आली तर सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. किनाऱ्यावर डॉल्फिन किंवा देवमासा लागलेला दिसला तर वन विभागाच्या १९२६ वर कळवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं तेव्हा त्याला खोल पाण्यात न्यायला माणसांना दिवस-रात्र झटावं लागलं होतं. एकट्या-दुकट्याचं ते काम नाही. माणसं येईपर्यंत प्राण्याच्या अंगावर ओली चादर टाका, तिच्यावर पाणी शिंपडत राहा, सावली करा, गर्दी लांब ठेवा. डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रावर कापड येऊ देऊ नका, तिथे पाणी ओतू नका, आणि शेपटीला दोर बांधून ओढू तर मुळीच नका.