जुनी एमजीबी घेतलीत? इग्निशन आणि वायरिंगच्या या चुका टाळा

1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या. त्यामुळे ब्रिटनमध्ये राहणाऱ्या माणसाला आजही खिशाला परवडेल अशी जुनी स्पोर्ट्स कार हवी असली, तर बघता बघता तो याच गाडीपाशी येतो. मराठी माणसाला तर तिचं इंजिन अजिबात परकं नाही. आपल्या जुन्या ॲम्बॅसेडरचं 1489 सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं 1798 सीसीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातलीच. सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे), कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा), रोटर (स्पार्क पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे वळवणारा), एसयू पंप (पेट्रोलचा) हे शब्द कानावरून गेलेल्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला या गाडीचं बॉनेट उघडल्यावर ओळखीचं वाटेल.

चाळीस वर्षं उलटलेल्या आणि फारसा बदल न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. म्हणजे दरवर्षी कुणीतरी तिऱ्हाईत माणूस गाडीखाली वाकून बघेल याचीही खात्री नाही. वायरिंगमधला दोष वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि तुम्ही गाडी घेतल्यावर पहिल्याच पावसात डोकं वर काढतो. मग सगळे गाडीचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्युकस कंपनीला शिव्या देतात. मला हे अन्यायाचं वाटतं. मूळ वायरिंग साधं आणि समजण्याजोगं आहे. घात करतात ते पन्नास वर्षांचे गंजलेले जोड आणि आधीच्या मालकांनी केलेली जोडाजोडी.

न मोजता पार्ट बदलणे

गाडी मिसिंग मारायला लागली की आधी प्लग, मग कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी), मग कार्ब्युरेटरची सर्व्हिस, या क्रमाने पैसे जातात. माझ्या ओळखीतल्या एकाची एमजीबी न्यूट्रलमध्ये छान चालायची, पण ॲक्सिलरेटर दाबला की धक्के देऊन बंद पडायची. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर उघडून झाले, कॉइल नवी झाली, फरक शून्य. शेवटी डिस्ट्रिब्युटरचं (पॉइंट आणि रोटर ज्यात असतात त्या भागाचं) झाकण काढलं आणि आतल्या प्लेटला बोटाने थोडं फिरवलं. प्लेट फिरली की पॉइंटकडे जाणारी छोटी वायर ताणली जात होती. बाहेरून कापडी वेष्टण शाबूत, आत तांब्याचे धागे तुटलेले. व्हॅक्युम ॲडव्हान्स (स्पार्कची वेळ पुढे-मागे करणारा भाग) प्लेटला ओढायचा तेव्हाच संपर्क तुटायचा. दोष होता बोटभर वायरीत.

म्हणून आधी एवढं ठरवा की अडचण करंटची आहे की पेट्रोलची. यासाठी रेव्ह काउंटर, म्हणजे इंजिनाचा वेग दाखवणारा काटा, फार उपयोगी पडतो. गाडी गिअरमध्ये चालत असताना इंजिनाने दम सोडला की काट्याकडे बघा. इंजिन अजून फिरतंय आणि काटा मात्र एकदम शून्यावर कोसळला, तर कॉइलच्या लो टेन्शन (कमी व्होल्टेजच्या) बाजूचा करंट गेला आहे. काटा इंजिनाच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला, तर बहुधा पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर दोष कॉइलच्या पुढे हाय टेन्शन बाजूला आहे.

यात एक खाच आहे. कॉइल आणि मागचा एसयू पेट्रोल पंप या दोघांनाही इग्निशन स्विचमधून येणाऱ्या पांढऱ्या वायरींवरच करंट मिळतो. त्या वायरीचा एखादा बुलेट कनेक्टर ढिला झाला, तर पंप आणि स्पार्क दोन्ही एकदम जातात आणि माणूस गोंधळतो. चावी फिरवल्यावर मागून पंपाची टिकटिक ऐकू येते का, हे पहिलं ऐका. टिकटिक आहे आणि स्पार्क नाही, तर स्विच बहुतेक ठीक आहे. दोन्ही नाही, तर पांढरी वायर स्विचपासून तपासत या. स्पार्क आहे आणि पंप गप्प आहे, तर पंपावर हलकीच टिचकी मारून बघा. तो चालू झाला तर त्याचे आतले पॉइंट झिजलेत.

रंग पाठ करून ठेवा, निम्मं काम तिथेच होतं. तपकिरी वायरीत कायम करंट, पांढरीत चावी फिरवल्यावर, हिरवीत चावी फिरवल्यावर आणि फ्यूजमधून, जांभळीत कायम पण फ्यूजमधून. काळी म्हणजे अर्थ, बॉडीला जाणारी परतीची वायर.

अर्थिंगला दुय्यम समजणे

या गाडीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीशी त्याचा थेट विद्युत संपर्क नसतो. तो देते एक जाड अर्थ पट्टी, मॉडेलनुसार इंजिन माउंटिंगपाशी किंवा गिअरबॉक्सपाशी. क्लच बदलताना इंजिन बाहेर काढलं जातं आणि परत बसवताना ही पट्टी बरेचदा विसरली जाते. मग सेल मारला की स्टार्टरचा शेकडो अँपिअर करंट मिळेल त्या वाटेने परततो. चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, जे धातूचं सापडेल ते. चोकची केबल हाताला चटका बसेल इतकी तापली किंवा तिच्यातून धूर आला, तर चोककडे बघूच नका, इंजिनाची अर्थ पट्टी शोधा.

अर्थिंग चांगलं आहे का, ते नुसतं बघून कळत नाही. चकचकीत दिसणाऱ्या नटाखाली रंग आणि गंज असतो. मल्टिमीटर व्होल्टवर लावा. कॉइलची पांढरी वायर काढून तिचं टोक नीट झाका, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. एक टोक बॅटरीच्या अर्थाकडच्या टर्मिनलच्या खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एक-दीड व्होल्ट दिसला तर बॅटरी नवी घेऊन काही होणार नाही. मग बॅटरीकडून बॉडी, बॉडीकडून इंजिन असं तुकड्यातुकड्याने मोजा. जिथे आकडा उडी मारतो तो जोड खोला, पॉलिश पेपरने धातू उघडा करा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा.

1974 पर्यंतच्या गाड्यांत सीटच्या मागे, फळीखाली, 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांना जोडणारी एक केबल. पाणी आणि धूळ थेट तिथे जाते. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. भरलेल्या बॅटरीला विश्रांतीनंतर साधारण 6.3 व्होल्ट हवेत. एक चांगली आणि एक मेलेली असली, तर नुसती टर्मिनल साफ करण्यात दिवस वाया जातो. काम सुरू करण्याआधी हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा, कारण त्या अरुंद जागेत पाना बॉडीला टेकायला वेळ लागत नाही. केबल काढताना अर्थाची आधी.

पॉझिटिव्ह अर्थ न तपासणे

1967 पर्यंतच्या एमजीबीला डायनमो आहे आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. पुढच्या मॉडेलला अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह अर्थ झाला. पण मधल्या काळात कितीतरी जुन्या गाड्या मालकांनी निगेटिव्हवर आणल्या आहेत, म्हणून सालावर विसंबू नका. बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा. त्याशिवाय जंप केबल लावू नका, रेडिओ बसवू नका आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन तर मुळीच नको. उलट्या जोडणीने त्याचं मॉड्युल त्याच क्षणी जातं.

गाडी निगेटिव्हवर आणलेली असेल तर कॉइलच्या दोन छोट्या वायरी अदलाबदल केल्यात का तेही बघा. नसतील तर गाडी चालते, पण स्पार्कला जास्त व्होल्टेज लागतं आणि थंडीत ती कुरकुरते.

चुकीची कॉइल बसवणे

कॉइल दोन प्रकारच्या. साध्या गाडीला साधारण 3 ओहमची. 1974 च्या शेवटी रबराचे बंपर आले, त्यानंतरच्या ब्रिटनमध्ये विकलेल्या बहुतेक गाड्यांना बॅलास्ट इग्निशन आहे. तिथे वायरिंगमध्येच एक रोधक वायर दडलेली असते आणि कॉइल साधारण 1.5 ओहमची. सेल मारताना कॉइलला बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज मिळतं, चावी सोडली की रोधक वायरीतून कमी होऊन येतं.

बॅलास्टच्या गाडीला 3 ओहमची कॉइल बसवली तर स्पार्क मरगळतो. साध्या गाडीला 1.5 ओहमची बसवली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. दुकानात दोन्ही डबे सारखेच दिसतात, म्हणून वायरी काढून दोन छोट्या टर्मिनलमध्ये ओहम मोजा. आणि सेल मारताना इंजिन पेटतं, पण चावी सोडल्या क्षणी मरतं, असं झालं तर ती रोधक वायर तुटली आहे असं समजा. लक्षण इतकं ठळक की आधी तिथेच बघा.

नवं म्हणजे चांगलं, असं मानणे

स्वस्तातले कंडेन्सर आणि रोटर हा या छंदातला खरा त्रास आहे. गाडी पंधरा-वीस मिनिटं मस्त चालते, गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते. असं असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. झाकण काढून अंधारात सेल मारा. पॉइंटवर मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर संशय पक्का. रस्त्यात अडकलात तर डिस्ट्रिब्युटरच्या आत नवा कंडेन्सर बसवत बसू नका. आतल्या कंडेन्सरचा संबंध तोडा, दुसरा कुठलाही चालू कंडेन्सर कॉइलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलवर लावा आणि त्याची बॉडी धातूला टेकवून बांधा. घरी पोहोचाल.

खराब रोटरमधून स्पार्क पितळी पट्टीच्या रिव्हेटखालून थेट दांड्यात उतरतो, बाहेर काही दिसत नाही. तपासायचं असं: झाकण काढा, रोटर जागेवर ठेवा, कॉइलची जाड वायर रबरी मुठीच्या पकडीने रोटरच्या मधोमध तीन-चार मिलिमीटर वर धरा. जवळ पेट्रोल सांडलेलं नको. पेसमेकर असेल तर हे काम स्वतः करू नका. चावी चालू करून दुसऱ्याला प्लॅस्टिकच्या काडीने पॉइंट उघडायला सांगा. रोटरवर स्पार्क पडला तर रोटर गळतोय, फेकून द्या.

काढलेला जुना पण चालणारा कंडेन्सर आणि रोटर टाकू नका, डिकीत ठेवा.

पॉइंटचं अंतर 0.35 ते 0.40 मिलिमीटर. टायमिंग त्यानंतर लावा, आधी नाही, कारण अंतर बदललं की टायमिंगही सरकतं. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी घड्याळाच्या दिशेने लावल्या की 2 आणि 3 नंबरची अदलाबदल होते आणि इंजिन दोन सिलिंडरवर थडथडतं.

काचेचा फ्यूज चुकीचा वाचणे

ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवर 35 अँपिअर लिहिलेलं असतं. तो आकडा फ्यूज उडण्याचा आहे. सतत वाहण्याची त्याची मर्यादा 17 अँपिअरच. आजच्या पद्धतीचा, सतत 35 अँपिअर वाहू देणारा फ्यूज तिथे बसवला तर फ्यूजच्या आधी वायर तापेल. शिवाय तपकिरी आणि पांढऱ्या वायरींना, हेडलाइटलासुद्धा, मूळ गाडीत फ्यूजच नाही. बॅटरीपाशी एक कटऑफ स्विच आणि हेडलाइटला फ्यूजसह रिले, एवढं काम मी कुठल्याही एमजीबीला पहिल्याच महिन्यात करायला सांगेन. वायरीचा लचका तोडून बसणारे निळे प्लॅस्टिकचे जोड दिसले, तर तेही त्याच वेळी कापून टाका.

आणि अल्टरनेटर चार्ज करत नसेल तर तो खोलण्याआधी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा बघा. चावी चालू केल्यावर तो लागत नसेल, तर बहुधा त्याचा बल्ब गेलाय. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब बदला, इंजिन चालू करून जरा रेस करा, बॅटरीवर 14 व्होल्टच्या आसपास आकडा येतो का बघा.